हळदकुंकू आणि कानस

हत्याराचे वाटोळे करणारे लोक आपल्याकडे दोन प्रकारचे आहेत. पहिले, वर्षातून एकदा खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहणारे आणि उरलेले वर्षभर त्याच्याकडे ढुंकूनही न पाहणारे. दुसरे, रात्रीची जेवणे आटोपली की कानस घेऊन त्याच्यात ‘सुधारणा’ करावयास बसणारे. पहिल्यांचे हत्यार गंजते, दुसऱ्यांचे बिघडते. आणि ते हत्यार लक्ष्यवेधाचे पिस्तूल असेल, तर गंजलेल्या पिस्तुलापेक्षा सुधारलेले पिस्तूल अधिक भयंकर, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळीत, तोंडात चकलीचा घास असताना, ही पिस्तुलाची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. पण चार दिवस दारू उडविणाऱ्या समाजाने तिच्याविषयी एक लेख वाचावयास काय हरकत आहे?

प्रथम माझा अधिकार सांगतो. मी भिवंडीचा शाळामास्तर. शाळेत मुलांना हस्तव्यवसाय शिकवितो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. रंधा, कानस, पॉलिशकागद यांच्याशी माझी रोजची गाठ. शाळकरी वयात छात्रसेनेच्या शिबिरात पॉइंट टू-टू रायफलीच्या पाच गोळ्या झाडावयास मिळाल्या आणि ते वेड डोक्यात बसले ते बसलेच. पुढे रीतसर परवाना काढून एका ज्येष्ठ नेमबाजाचे जुने पिस्तूल घेतले. त्याचे पैसे इतक्या हप्त्यांनी फेडले, की आमच्या घरात त्या पिस्तुलाला ‘सवत’ म्हणतात. तेव्हा मी बोलतो आहे तो कानशीच्या अज्ञानातून नव्हे. कानस मला चांगली कळते, म्हणूनच ती कोठे लावू नये हेही कळते.

हा विषय आताच का? २०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसच्या ऑलिंपिकमधून ५० मीटर रायफलीचे कांस्यपदक घेऊन आला. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या मातीतल्या माणसाने वैयक्तिक पदक आणावयास बहात्तर वर्षे लागली. त्याआधी कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले होते, आणि तेही बरोबरी झाल्यावर पुन्हा गोळ्या झाडून. त्यापूर्वी २०१० मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला रायफलीत जगज्जेती झाली होती. साहजिकच घराघरांतून मुले नेमबाजीकडे वळली. ही आनंदाची गोष्ट आहे. पण मुलांच्या पाठोपाठ घरात शिरला तो फोनवरचा पडदा. त्यावर कोणी परदेशी गृहस्थ आपल्या कार्यशाळेत बसून पिस्तूल उघडतो, एक तुकडा काढतो, दुसरा घासतो, तिसरा बदलतो आणि ‘बघा, चाप कसा लोण्यासारखा झाला’ म्हणून हसतो. आमचे बापलोक ते पाहतात आणि त्यांच्या अंगात विश्वकर्मा संचारतो!

आता हे पिस्तूल असते तरी कसे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण ज्याला ते ठाऊक नाही त्याला त्यातला धोकाही कळावयाचा नाही. राहीने ज्या प्रकारात सुवर्ण मिळविले त्यात पॉइंट टू-टू व्यासाचे, म्हणजे ५.६ मिलिमीटरचे काडतूस वापरतात. त्याला ‘रिमफायर’ म्हणतात, कारण पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी नसून त्याच्या पोकळ कडेत भरलेला असतो. पिस्तुलाची टाचणी त्या कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो आणि शिशाची गोळी सुटते. मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरला नसेल, तर चांगल्या डबीतलेही एखादे काडतूस पेटत नाही. शिशावर मेणाचा वा चरबीचा हात दिलेला असतो. ते मेण, ते शिसे आणि जळक्या दारूची काजळी काडतुसाच्या घरात व सरकत्या खिळीच्या तोंडावर साठत जाते. एवढी या यंत्राची कुंडली. यात दोष बहुधा मळाचा असतो, घडणीचा क्वचितच.

आणि घडण तरी कशी? २५ मीटरच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते. वाल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ यांसारख्या कारखान्यांचे सुस्थितीतले पिस्तूल शिकंज्यात आवळून झाडले, तर गोळ्या त्या वर्तुळाच्या पुष्कळ आत एकमेकींना चिकटून बसतात. म्हणजे पिस्तूल आपल्या बाजूने दहाच्या दहा गुण देत असते. मधले दोन-तीन गुण खाऊन टाकतो तो आपला हात, आपला श्वास आणि आपला उतावळेपणा. ज्याचा नेम आठाच्या वर्तुळात फिरतो आहे त्याने पिस्तुलाची नळी सुधारावी, हे म्हणजे पाढे न येणाऱ्याने नवी पाटी मागण्यासारखे झाले. शाळेत मी असली मुले पुष्कळ पाहतो. त्यांच्या पाट्या नेहमी नव्या असतात.

सर्वांत जास्त मोह असतो तो चाप हलका करण्याचा. चाप हलका झाला की बोट हलले तरी पिस्तूल हलणार नाही, असा हिशेब. पण २५ मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत चापाचा भार किमान १००० ग्रॅम असलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पंच पिस्तूल उभे धरून चापाला एक किलोचे वजन लावतात. ते उचलले गेले नाही, तर पिस्तूल बाद. स्पर्धा संपल्यावरही ही परीक्षा होते, आणि तेव्हा नापास झालेल्याचे गुण पाण्यात जातात. म्हणजे ज्या गुणांसाठी कानस चालविली तेच गुण कानस खाऊन टाकते.

हे झाले गुणांचे. आता प्राणांचे सांगतो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या पंचविशीतल्या मुलाने घरीच चापाच्या आतला खटका घासला. हे दोन पोलादी ओठ केसाएवढ्या पृष्ठभागावर एकमेकांना धरून ठेवतात आणि आपण चाप दाबेपर्यंत टाचणीला थोपवितात. मुलाने तो ओठ गुळगुळीत केला. चाप खरोखरच लोण्यासारखा झाला. रेंजवर त्याने काडतुसे भरून खिळी पुढे सोडली मात्र, आणि चापाला बोट न लावता गोळी सुटली! दैव बरे, पिस्तुलाचे तोंड खाली समोर होते. गोळी पुढच्या मातीत गेली. पंचांनी त्याला त्याच क्षणी बाहेर काढले. मुलगा पांढराफटक पडला होता. वडील मात्र म्हणत होते, “थोडे जास्त घासले गेले, एवढेच!”

‘एवढेच’ हा शब्द मला झोपू देत नाही. हाच खटका रेंजवर न सुटता घरात सुटला असता तर? पॉइंट टू-टूच्या काडतुसांच्या डबीवर छापलेले असते, की या गोळीचा धोका दीड मैलापर्यंत असतो. दीड मैल म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. आमच्या भिवंडीत अडीच किलोमीटरांत किती घरे, किती मागांचे कारखाने, किती शाळा येतात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आमच्याकडे दोन बिऱ्हाडांच्या मध्ये पुष्कळदा पत्र्याची नाही तर अर्ध्या विटेची भिंत असते. पलीकडे कोणाची आजी वाती वळत असेल, कोणाचे पोर अभ्यास करीत असेल. तुमच्या सुधारणेत त्यांची संमती कोणी घेतली होती?

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाने, परवान्यावाचून बंदुकांची निर्मिती, विक्री, रूपांतर आणि दुरुस्ती करावयास मनाई केलेली आहे. तुमच्या-माझ्याजवळचा परवाना हत्यार बाळगण्याचा आणि वापरण्याचा. दुरुस्तीचा परवाना वेगळा, आणि तो त्या धंद्यातल्या माणसाकडे असतो. तेव्हा रात्री दिव्याखाली बसून खटका घासणारा गृहस्थ स्वतःला हौशी कारागीर समजत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो निराळाच कोणी असतो.

येथे माझे भिवंडीकर मित्र मला अडवितात. ते म्हणतात, “मास्तर, हे तुम्ही भिवंडीत बसून सांगता? ज्या गावात मोडीत निघालेला माग वर्षानुवर्षे चालतो, ज्या गावचा जॉबर कान लावून सांगतो की धोटा कोठे अडतो आहे, त्या गावाला तुम्ही हात बांधून बसावयास सांगता?”

माझ्या गावच्या जॉबरविषयी मला अभिमान आहे आणि त्याच्याचकडून मी उत्तर घेतो. जॉबर माग सुधारतो तो आधी वर्षानुवर्षे दुसऱ्या जॉबरच्या हाताखाली तेलाचे फडके घेऊन फिरल्यावर. फोनवर चित्र पाहून कोणी जॉबर झालेला मी पाहिलेला नाही. दुसरे असे, की त्याची चूक झाली तर धागा तुटतो, कापडात दोष उतरतो, आणि माग थांबविता येतो. तरीही कधी कधी धोटा उडतो आणि कामगार जखमी होतो, म्हणून शहाणा जॉबर धोट्याच्या वाटेत उभा राहत नाही. सुटलेली गोळी मात्र थांबविता येत नाही, आणि तिच्या वाटेत कोण उभे आहे ते तुम्हांला दिसतही नसते. जुगाड ही गरिबाची बुद्धी आहे, तिला मी मान देतो. पण हिशेब चुकल्यावर किंमत शेजाऱ्याने द्यावयाची असेल, तर ती बुद्धी नव्हे, बेपर्वाई.

आपल्या घरातली जुनी रीत पाहा. पाटा-वरवंटा रोज धुवावयाचा तो घरच्या बाईने. पण पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावयास टाकीवालीच हवी. घरातला शहाणा मुलगा छिन्नी घेऊन पाट्यावर बसला, तर आजी त्याला वरवंटाच दाखवील! तंबोऱ्याचेही तसेच. गवई रोज तारा लावतो, मणी सरकवितो, गवसणी घालतो. पण जवारी काढावयाची वेळ आली की तंबोरा मिरजेच्या कारागिराकडे जातो. घोडीच्या त्या तळहाताएवढ्या फळीवर एक घास जास्त बसला तर नाद गेला, हे गवयाला ठाऊक असते आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. पिस्तुलाचा खटका ही त्याची जवारी आहे. ती आर्मररच्या हातची. आपले काम गवयाचे.

काही जण मला टोकियोचे उदाहरण देतात. २०२१ साली तेथे मनू भाकर हिच्या एअर पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला. तो दूर करून परत येईपर्यंत मोलाची मिनिटे गेली, ५७५ गुण झाले आणि ती बाराव्या क्रमांकावर राहून अंतिम फेरीला मुकली. म्हणून, हे लोक म्हणतात, नेमबाजाने स्वतःच कारागीर व्हावे. मला त्यातून नेमके उलटे दिसते. जगातले उत्तम पिस्तूलही अडू शकते. म्हणून त्याची नियमित तपासणी जाणत्याकडून व्हावी, सुटे भाग आणि दुसरे पिस्तूल जवळ असावे, आणि बिघाड झाला तर मन ठिकाणावर ठेवण्याचा अभ्यास असावा. त्याच मुलीने तीन वर्षांनी पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके मिळविली. ती कानशीने मिळालेली नाहीत. नाशिकचे भीष्मराज बाम पोलिसांतल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर २०१७ मध्ये जाईपर्यंत खेळाडूंना मनाची एकाग्रता शिकवीत राहिले. सुधारणा म्हणतात ती तिला.

मग घरी काय काहीच करावयाचे नाही? पुष्कळ करावयाचे आहे, आणि ते कोणी करीत नाही हेच माझे भांडण आहे. निगा हे काम रोजचे, बिनकौतुकाचे; तिचे चित्र काढून कोणी फोनवर टाकीत नाही.

पहिली गोष्ट, पिस्तूल हातात घेतले की ते भरलेले आहे असेच समजावयाचे. काडतुसांची पेटी काढावयाची, खिळी मागे ओढून अडकवावयाची, घर डोळ्याने पाहावयाचे आणि बोटाने चाचपावयाचे. ज्या खोलीत सफाई, त्या खोलीत काडतुसे नकोत. पिस्तूल एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या. पोरे झोपल्यावर वा शाळेत गेल्यावर हे काम काढावे. आणि सफाईनंतर हात साबणाने धुवावेत, कारण शिसे पोटात जाणे वाईट.

दुसरी गोष्ट, काजळी काडतुसाच्या घरातली आणि खिळीच्या तोंडावरची. ती दर सरावानंतर ब्रशने व फडक्याने काढावी. नळी मात्र उगाच घासू नये. शिशाच्या गोळीने नळी फारशी झिजत नाही. वेडीवाकडी सळई पुढून खुपसून तिचे तोंड खरवडणाऱ्याने ती लवकर झिजते. नळी पुसावयाची ती मागच्या बाजूने, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, मऊ दोरीने वा चिंध्यांनी.

तिसरी गोष्ट खास आमच्या गावची. भिवंडीच्या हवेत सुताची धूळ असते. ज्याच्या आळीत माग चालतात त्याच्या देवघरातल्या समईवरही ती बसते. ही धूळ आणि सढळ हाताने ओतलेले तेल एकत्र झाले, की त्याचा नमदा होतो. मागात तो झालेला प्रत्येक विणकराने पाहिला आहे. पिस्तुलात तो झाला की खिळी आळसावते, काडतूस अडते, आणि मग मालक म्हणतो की स्प्रिंग बदलली पाहिजे! तेल थेंबाने द्यावे आणि पुसून घ्यावे. खोबरेल तर मुळीच नको. ते केसांसाठी आहे, थंडीत थिजते आणि पुढे चिकटते. पावसाळ्यात पिस्तूल ओलसर पेटीत महिनोन्महिने कोंडू नये. आठवड्यातून एकदा काढून कोरड्या फडक्याने पुसावे, कारण आपल्या हातचा घाम हा पोलादाचा मोठा शत्रू आहे.

चौथी गोष्ट, एक वही घालावी. किती गोळ्या झाडल्या, कोणते काडतूस पेटले नाही, कोठे अडले, हे तारीखवार लिहावे. काडतूस पेटले नाही तर पिस्तूल तसेच निशाणाकडे धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. उशिरा पेटणारी काडतुसे असतात. ही वही आर्मररला दाखविली, की स्प्रिंग कधी बदलावयाची ते तो सांगतो.

आणि ज्याला हातांची खाज स्वस्थ बसू देत नाही, त्याला माझी मोकळीक आहे: लाकडाला हात लावा, लोखंडाला नको. पिस्तुलाची मूठ अक्रोडाची वा तशाच लाकडाची असते आणि ती आपल्या पंजाला बेतावी लागते. नियमाच्या मापात राहून, तिच्यावर लाकडी लांबी भरा, पॉलिशकागदाने घासा, पुन्हा धरून पाहा. डोळे मिटून पिस्तूल उचलावे, डोळे उघडावेत आणि माशी खाचेच्या मध्यावर आलेली दिसावी. इतकी मूठ जुळली की खरी सुधारणा झाली. तिला सहा महिने लागतात आणि तिने कोणाचा जीव जात नाही. तिच्या जोडीला काडतुसाविना चाप दाबण्याचा सराव करावा. मात्र रिमफायरमध्ये रिकामी टाचणी घराच्या कडेवर आपटून ती कड चेपण्याचा संभव असतो, म्हणून पिस्तुलात त्यासाठी दिलेली सोय वापरूनच.

आता हळदकुंकवाविषयी. माझी देवाधर्माशी तक्रार नाही. आमच्या घरीही खंडेनवमीला कानस, करवत, शिवणाचे यंत्र आणि माझी लेखणी पाटावर मांडतात. पण ओले कुंकू पोलादाला गंज आणते, कोरडे कुंकू खटक्यात जाऊन बसते, आणि भरल्या घरात पोराबाळांच्या हाताला लागेल असे पिस्तूल पाटावर मांडणे हे पूजेत बसत नाही. त्याची पेटी बंद ठेवून पेटीवर एक झेंडूचे फूल वाहा. देवी रागावणार नाही. ज्याने वर्षभर आपले हत्यार पुसले त्याची पूजा आधीच झालेली असते.

या सगळ्याच्या मुळाशी जी गोष्ट मला बोचते ती शेवटी सांगतो. मूल दोन गुणांनी मागे पडले, की बाप म्हणतो, “पिस्तुलातच काहीतरी आहे.” आणि तो खिसा रिकामा करून नवा भाग आणतो. त्या मुलाला आपण काय शिकविले? आपण कमी पडलो नाही, हत्यार कमी पडले! हे एकदा मनात रुजले, की ते मूल पुढे लेखणीला दोष देईल, नोकरीत वरिष्ठाला देईल, संसारात जोडीदाराला देईल. नेमबाजीसारखा स्वच्छ खेळ दुसरा नाही. कागदावर जे भोक पडते ते आपलेच असते. ते आपले म्हणावयास शिकविणे, हाच या खेळाचा उपयोग. पदके सगळ्यांना मिळत नाहीत.

म्हणून, बाबांनो, या दिवाळीत कानस हस्तव्यवसायाच्या मास्तराकडे परत करा. शाळेत ती नेहमीच कमी पडते. मुलाला एक मऊ फडके द्या, एक वही द्या, आणि रोज अर्धा तास त्याच्या शेजारी गप्प बसा. पिस्तुलाची सुधारणा कारखान्यात होऊन आलेली आहे. आपली अजून व्हावयाची आहे.